गयेला सोडलेल्या सोंगट्या

सोलापूर,
भाद्रपद शुद्ध एकादशी, शके १८५७

प्रिय दुर्गे,

लोकांसमोर मी तुला 'वन्सं' आणि 'अहो' म्हणते ते सासूबाईंनी लावलेलं वळण. कागदावर मला कोण बघायला बसलंय? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू परकर नेसून गजगे खेळत होतीस, आणि पहिल्याच दिवशी माझ्या ओटीतलं खोबरं पळवलं होतंस. तेव्हा इथं तू दुर्गीच.

तुझं पत्र येऊन पंधरवडा होऊन गेला. तू रागावली असशील. कार्तिकात रामेश्वरला निघतोय, कमलाकररावांनी रजा काढलीय, तुम्ही दोघं सोलापूर स्टेशनावरच आमच्या गाडीत चढा, असं तू लिहिलंस. काशीची गंगा रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तो डाक लावून बंद केलेला गंगेचा गडू माझ्या देवघरात अजून तसाच आहे. पण दुर्गे, आम्ही येणार नाही. नुसतं 'जमत नाही' एवढं लिहून पाठवलं असतं तर तू तारेनं भांडली असतीस, म्हणून सगळं लिहायला बसले आहे. तुझ्या दादांबद्दल लिहायचं आहे आणि तुझ्याकडे एक मागायचं आहे. सरळ लिहायला हात धजत नाही, तेव्हा जरा वळसे घालीन, ते सोसून घे.

मला प्रवासाची हौस किती, हे तुला सांगायला नको. इथं मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या थंडीत आपण चौघं काशीला गेलो, तेव्हा दौंडापासून मनमाडापर्यंत मी खिडकी सोडली नाही म्हणून तू मला चिमटे काढत होतीस. कोळशाचे कण डोळ्यांत जाऊन डोळे लाल झाले तरी मी हटले नाही. त्या आधी मी जग किती पाहिलं होतं? माहेर बार्शी, सासर सोलापूर, आणि मध्ये एकदा अक्कलकोट. इटारसीला हे पाणी आणायला उतरले आणि गाडी हलली, तेव्हा मी डब्यातून अशी ओरडले की एक पठाणसुद्धा दचकून उठला. हे मागच्या डब्यात चढले होते. पुढच्या स्टेशनावर भरलेला तांब्या घेऊन शांतपणे आले, आणि म्हणाले काय, तर पाणी गार आहे. आपण किती हसलो होतो. आता माझा प्रवास स्वैपाकघरातून आडापर्यंत. गुडघे असे बोलतात की शेजारच्या बाईला वाटावं आम्ही सुपाऱ्या फोडतोय. म्हातारपण पायांनी येतं म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरं झालं. तुझ्या दादांचे पाय मात्र अजून तिशीतल्या माणसाचे आहेत. तेच तर दुखणं आहे.

मी मागच्या पत्रात लिहिलं होतं की ह्यांना थोडं विसरायला होतं. ते मी कमी करून लिहिलं होतं. सुरुवात चष्म्यापासून झाली, मग माणसांची नावं जायला लागली. शाळेतून पेन्शन होऊन इतकी वर्षं झाली, तरी एके सकाळी मिलचा भोंगा झाल्यावर उपरणं-पगडी करून निघाले, आणि वर्गात जाऊन संस्कृत शिकवायला उभे राहिले. तिथले मास्तर ह्यांचेच विद्यार्थी, त्यांनी मुलांना गप्प बसवून तास होऊ दिला. नंतर सिद्धेश्वराला म्हणून गेले ते सात रस्त्याला सापडले. एका टांगेवाल्यानं आणून सोडलं. चैत्रात मी त्यांना अक्कलकोटला मठात घेऊन गेले, पादुकांवर डोकं टेकवायला लावलं. परत येताना गाडीत मला म्हणाले, तुमचं गाव आलं की सांगा हं, मी गाठोडं उतरवून देईन. मी दाराकडं तोंड करून बसले. सोबतच्या कानडी बायका आपसांत काही बोलल्या. मला कानडी समजत नाही हेच बरं.

आता सोंगट्यांचं. तू म्हणशील हे काय मध्येच. मध्येच नाही, सगळं त्यातच आहे.

तुला आठवत असेल, आपल्या घरी दिवसाउजेडी नवरा-बायकोनं एकमेकांकडं बघणंसुद्धा वाह्यातपणा होता. हे जेवायला बसले की मी दाराआड. काही लागलं तर ह्यांनी आईला सांगायचं, मग सासूबाई मला सांगणार. पण महाशिवरात्रीच्या जागरणाला मामंजींनी पट मांडायला लावला. शंकर-पार्वती कैलासावर खेळतात, सूनबाईंनी खेळलं तर काय बिघडलं, असं ते म्हणाले आणि सासूबाईंचा इलाज चालला नाही. जपमाळ घेऊन त्या शेजारीच बसल्या. तूही लिंबूटिंबू म्हणून मध्ये होतीस. मी पंधरा वर्षांची, आणि माझ्यासमोर हात-दोन हातांवर माझा नवरा. तोंडावर दिव्याचा उजेड. मी तोवर त्यांना नीट पाहिलंही नव्हतं. त्यांच्या भुवईवर व्रण आहे हे मला त्या दिवशी कळलं. पहिलाच डाव मी जिंकले. सासूबाई म्हणाल्या, मुलगी आगाऊ आहे.

तिथून जे सुरू झालं ते आयुष्यभर चाललं. सासूबाई गेल्या, घर आमचं झालं, तरी ह्यांची बोलायची सवय काही लागली नाही. दिवसभर 'हूं' आणि 'नको'. पण संध्याकाळी दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं की पट अंथरायचा. मखमलीच्या तुकड्यांचा तो पट मीच शिवलेला, सोंगट्या सावंतवाडीच्या. तिथं हे वेगळेच व्हायचे. माझी सोंगटी मारली की पोरासारखे हसायचे, हरायला लागले की तपकीर जास्त लागायची. शाळेतलं राजकारण, नंदूच्या खोड्या, मनातली भीती, सगळं दान टाकता टाकता बोलून टाकायचे. पट गुंडाळला की पुन्हा मुके. मी त्यावर समाधानी होते, दुर्गे. माणसानं गोड बोलावं अशी आम्हा बायकांची हौस असते, पण मला गोड बोलणं माहीतच नव्हतं, त्यामुळं त्याची उणीवही वाटली नाही.

मग मानमोडीच्या साथीत आमचा नंदू गेला. कॉलेजात जायचं ठरलेलं पोर. ते मी लिहीत नाही, तू इथंच होतीस. वर्षभरानं एका संध्याकाळी ह्यांनीच पट अंथरला आणि नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी जाऊन बसले. त्या पटावर आम्ही दोघं जगलो एवढंच म्हणते.

काशीहून आपण गयेला गेलो, तिथली ती सकाळ तू पाहिलीस. पण मला काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. नंदूचे पिंड झाले आणि अक्षयवटाखाली तिथला भट, तो गयावळ, म्हणाला की ज्याच्या त्याच्या आवडीचं एक फळ सोडा, जन्मभर शिवू नका, म्हणजे गेलेल्याला गती मिळते. लोक काय हुशार असतात. पुण्याच्या त्या बाईंनी कारलं सोडलं. तू फणस सोडलास, जो इंदुरात तुला जन्मात दिसणार नव्हता. मी हुरडा म्हणाले, तर हुरडा म्हणजे काय हे गयावळाला समजावताना कमलाकररावांची हिंदी संपली. आणि मग तुझ्या दादांची पाळी आली. हातात पाणी घेऊन किती वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "सोंगट्या सोडल्या. हिच्याबरोबर खेळतो त्या."

गयावळ आपला 'फल बोलो, फल' करत राहिला. ह्यांनी पाणी सोडलं होतं.

इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना सगळ्यात आवडते, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला त्या गर्दीत, त्या परक्या माणसाच्या तोंडासमोर कळलं, आणि कळलं तेव्हा ते देऊन झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी वडाच्या पाराला टेकले, आणि त्याच वेळी कुणीतरी घर लुटून न्यावं तसं झालं. तू माझा दंड धरलास, तुला वाटलं उपासानं चक्कर आली. परतीच्या गाडीत मी एवढंच विचारलं की आंबा सोडला असता तर चाललं नसतं का. तर म्हणाले, "आवडतं ते द्यायचं असतं ना? मग नंदूला खोटं कसं देऊ?" ते पोर माझंही होतं.

घरी आल्यावर ह्यांनी स्वतःच्या हातानं पट गुंडाळून ट्रंकेत ठेवला. नंतरच्या संध्याकाळी कशा गेल्या म्हणून विचारू नकोस. दिवा लागला की हे ओसरीवर, मी आत डाळी निवडत. दोघांनाही एकमेकांची हालचाल ऐकू यायची. एकदा मी मुद्दाम बुद्धिबळाची गोष्ट काढली, तर ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी लाजून आत गेले. मग मी दोऱ्याचं विणकाम शिकले, देवासाठी वस्त्रं करायला लागले. छंद म्हणून नव्हे, हात रिकामे राहू नयेत म्हणून. शब्द पाळणारा माणूस सगळ्या गावाला आवडतो. त्याच्या घरात राहून पाहावं.

असे किती तरी दिवस गेले. आणि गेल्या श्रावणात, म्हणजे आता वर्ष झालं, एका संध्याकाळी मी आतून आले तर ओसरीवर पट अंथरलेला. सोंगट्या मांडलेल्या. हे माझ्याकडं बघून हसत होते. म्हणाले, चल, बस, किती उशीर. मी म्हटलं, अहो, हे आपण गयेला सोडलंय, नंदूसाठी. हे गोंधळले. म्हणाले, "नंदूसाठी? नंदूचं काय झालं?"

मी सांगितलं. मला काय ठाऊक की ते खरोखरच विसरले आहेत. ओसरीच्या खांबाला धरून बसले आणि अगदी त्या दिवशी रडले होते तसे रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं पुसून गेलेलं. संध्याकाळी पुन्हा पट, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच रडणं. मी माझ्या तोंडानं त्यांचं पोर रोज मारत होते. मग मी सांगणं सोडून दिलं. ह्यांच्या लेखी नंदू आता शाळेत आहे, आट्यापाट्या खेळून उशिरा येतो. तसाच असू दे.

पण मग खेळायला का येत नाही, हे काय सांगू? आज डोकं दुखतंय. आज भाकऱ्या व्हायच्या आहेत. आज एकादशी आहे. माणूस किती बहाणे करील? उपाध्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, व्रत करणारा विसरला तरी व्रत विसरत नाही. बायकोनं ते सांभाळायचं, मोडलं तर दोष गेलेल्याला लागतो. म्हणजे एका बाजूला माझा नंदू आणि एका बाजूला हे. एकाला द्यावं तर दुसऱ्याच्या ताटातलं उचलावं लागतं. मी व्रत धरून बसले. रोज संध्याकाळी हे पट मांडायचे, वाट बघायचे, आणि मी चुलीपुढं हात गुंतवून बसायची. एकदा दाराशी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "रागावलीस का? माझं काय चुकलं?" काही चुकलं नाही म्हटलं. ते खाली मान घालून गेले. भांडी घासायला येते ती गौरम्मा हे सगळं बघायची. एरवी मला उलटून बोलायची नाही, पण एक दिवस राख हातात तशीच ठेवून म्हणाली, "बाई, एकदा बसा की हो तितं. मास्तर लई कष्टी व्हत्यात. देव काय रोज बगायला येतुय व्हय?" मी तिलाच रागावले.

गौरी-गणपतीत घरात चार माणसं येती-जाती होती, तेवढे दिवस बरे गेले. परवा गौरी गेल्या. घर एकदम मोकळं झालं. दिवा लावून मी बाहेर आले तर हे एकटेच पटावर बसलेले. माझ्या बाजूच्या सोंगट्याही मांडलेल्या, आणि दोन्हीकडची दानं हेच टाकत होते. मी दाराआड उभी राहून पाहिलं. माझी सोंगटी अडली तर फासे पुन्हा खुळखुळवून माझ्यासाठी चांगलं दान काढायचे, आणि पडलं की हसायचे. मला नाही राहवलं. नंदूला मनात म्हटलं, बाळ, मला क्षमा कर, तू मोठा आहेस, तुझा बाप लहान झालाय. आणि पदर खोचून समोर जाऊन बसले.

विसरलेल्या माणसाचे हात काही विसरत नाहीत. काय खेळले म्हणून सांगू. माझ्या दोन सोंगट्या हां-हां म्हणता मारल्या. मी फासे टाकले, ओरडले, भांडले, म्हटलं देवा, एवढीच संध्याकाळ दे आणि मला ने. डाव अर्ध्यावर आला तेव्हा हे थांबले. माझ्याकडं पाहून फार आदरानं म्हणाले, "बाई, तुम्ही चांगलं खेळता. पण आमच्या मंडळींची गोष्ट वेगळी. ती बसली की मी हरतोच." मी हातातले फासे खाली ठेवले. तेव्हा हे जरा पुढं वाकले आणि म्हणाले, "ती रुसली आहे. रोज बोलावतो, येत नाही. तुमची ओळख असली तर तिला विचाराल का, माझं काय चुकलं?"

मी म्हटलं, अहो, मीच ती. मी यशोदा. तर हे घाबरून मागं सरकले, उपरणं सारखं केलं. म्हणाले, असं बोलू नये, ती आत ऐकत असेल, आधीच रागावली आहे. आणि पट आवरायला लागले.

काल पुन्हा मांडला. मी पुन्हा बसले. माझ्याशी खेळतात, पण पाहुण्या बाईशी खेळावं तसे, अंग राखून. मधूनमधून दाराकडं बघतात. वर्षभर मी त्यांना नाही म्हणत राहिले, तेवढ्या काळात त्यांच्या मनातली बायको रुसून आत जाऊन बसली, आणि तिला बाहेर काढायचा रस्ता माझ्याकडं उरला नाही. गेल्या वर्षीच्या श्रावणात ते मला ओळखत होते, दुर्गे. तेव्हा बसले असते तर! व्रत मोडलंच, नंदूचंही गेलं, आणि हेही मिळाले नाहीत. देवानं माझ्याकडून दोन्ही घेतलं.

म्हणून हे पत्र. तू रामेश्वरला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही, पण त्याआधी इथं ये. पितृपक्ष लागायच्या आत निघालीस तर बरं. तुझं नाव ह्यांच्या तोंडात अजून आहे. दुर्गीच्या कांजिण्या बऱ्या झाल्या का, असं कालच विचारत होते. पिकल्या केसांची तू समोर आलीस तर तुला तरी ओळखतील की नाही, मला सांगता येत नाही. ओळखलं तर त्यांच्याजवळ बस आणि सांग की वहिनी रुसलेली नाही, तिचा कधीच राग नव्हता, दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. मी सांगते ते त्यांना पाहुण्या बाईचं बोलणं वाटतं. बहिणीचं कदाचित पटेल. आणि नाहीच ओळखलं तरी ये. त्यांची ती रुसून आत बसलेली असते ना, तशी मी आत बसेन, तू ओसरीवरून हे मोठ्यानं सांग, म्हणजे निदान त्यांच्या कानावर तर पडेल.

तुझीच,
यशोदा